लहान कॅमेरा आणि विशाल दृश्य



उंच ठिकाणीं उभा राहून मनुष्य जेव्हां भोंवतालीं पाहूं लागतो, तेव्हां तो एकाच दिशेस टक लावून राहत नाहीं. त्याची मान फिरते, मानेमागोमाग खांदे फिरतात, आणि दृष्टि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संथपणें सरकत जाते. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उत्तरेकडे तोंड करून उभें राहावें, म्हणजे निरभ्र दिवशीं डाव्या हाताला तोरणा, समोर किंचित् उजवीकडे सिंहगड आणि थेट उजव्या हाताला पुरंदर, असें एक अर्धवर्तुळ आपल्या भोंवतीं उभें राहतें. या साऱ्यांचें मिळून जें एक दृश्य मनांत तयार होतें, तेंच आपणांस घरीं न्यावयाचें असतें. परंतु कॅमेऱ्याच्या एका चौकटींत त्यांतला एखादाच तुकडा मावतो. छायाचित्र हातीं आल्यावर पुष्कळांची निराशा होते, ती यामुळेंच. “प्रत्यक्षांत हें फार मोठें दिसत होतें,” असें सांगत सांगत तें चित्र दुसऱ्याला दाखवावें लागतें.

हें मोठेपण चित्रांत आणण्याचा एक जुना, सोपा आणि अल्प खर्चाचा उपाय आहे. शेजारशेजारचीं अनेक चित्रें घ्यावयाचीं व तीं जोडून एक लांब चित्र करावयाचें. अशा सलग चित्रास पॅनोरामा म्हणतात. त्यासाठीं महागडें यंत्र लागतें असा समज रूढ आहे. पण तो खरा नव्हे. एके काळीं लग्नकार्यांत व सहलींत घरोघर दिसणारा यशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० यांच्या जातीचा साधा फिल्मचा कॅमेरा, आज कपाटाच्या तळाशीं पडून असलेला, या कामास पुरेसा आहे. किंबहुना, त्याचा जो साधेपणा इतर वेळीं उणा वाटतो, तोच येथें कांहीं अंशीं उपयोगीं पडतो. तो कसा, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. ‘पॅनोरामा’ हा शब्द ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनविलेला आहे, आणि तो छायाचित्रणाहून जुना आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं अशा वर्तुळाकार चित्राचें पेटंट घेतलें, आणि १७९३ सालीं लंडनमधील लेस्टर स्क्वेअरजवळ त्यासाठीं मुद्दाम बांधलेली एक गोल इमारत लोकांस खुली केली. प्रेक्षक मध्यभागीं उभे राहत आणि भोंवतालच्या भिंतीवर रंगविलेलें दृश्य चहूंकडून पाहत.

छायाचित्रण निघाल्यावर हीच हौस त्यांत उतरली. १८४८ सालीं चार्ल्स फाँटेन व विल्यम पोर्टर या दोघांनीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहराचा नदीकांठ पलीकडच्या तीरावरून ८ पत्र्यांवर टिपला. तें काम इतकें बारीक झालें आहे कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां शहरांतील मनोऱ्यावरच्या घड्याळाची वेळही वाचतां येते. आपल्याकडे फेलिचे बेआतो या छायाचित्रकारानें १८५८ सालीं दिल्लीच्या जामा मशिदीच्या मिनारावरून शहराचें असें जोडचित्र घेतलें. १८५७ च्या उठावानंतर मशीद आणि लाल किल्ला यांमधील दाट वस्तीचा मोठा भाग इंग्रज सरकारनें पाडून टाकला, हें लक्षांत घेतलें म्हणजे अशा चित्राचें मोल काय, तें निराळें सांगावयास नको. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज यानें सॅन फ्रान्सिस्को शहराचें संपूर्ण वर्तुळ १३ मोठ्या कांचांवर घेतलें. जोडल्यावर त्याची लांबी सुमारें १७ फूट भरते. ज्या टेकडीवरच्या वाड्यावरून तें घेतलें तो वाडा, आणि चित्रांत दिसणाऱ्या शहराचा फार मोठा भाग, १९०६ च्या भूकंपांत व त्यामागून लागलेल्या आगींत नाहींसा झाला. चित्र मात्र राहिलें.

यांपैकीं कोणापाशींही फिरत्या भिंगाचें यंत्र नव्हतें. साधी पेटी होती, आणि एकामागून एक पत्रा किंवा कांच लावण्याची चिकाटी होती. भिंग स्वतः फिरून लांब चित्र उमटविणारीं यंत्रें सामान्यांच्या हातीं पुढें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलीं. कोडॅकचा पॅनोराम १८९९ चा, आणि संपूर्ण कॅमेराच तिपाईवर फिरविणारा सर्कट १९०४ च्या पेटंटाचा. त्यानंतरचे जपानी वाइडलक्स आणि रशियन होरायझन हे याच कुळांतले; १९९८ मध्यें आलेला हॅसलब्लाडचा एक्सपॅन मात्र भिंग न फिरवितां लांब चौकट घेणारा. हे कॅमेरे उत्तम खरे. पण ते दुर्मिळ आहेत आणि सामान्य माणसाच्या खिशास परवडणारे नाहींत.

आतां एका फसगतीविषयीं सांगणें जरूर आहे. १९८९ सालीं कोडॅकनें ‘स्ट्रेच ३५’ नांवाचा, एक रोल संपेपर्यंतच वापरावयाचा कॅमेरा काढला. त्याच्या प्रती साडेतीन इंच उंच व दहा इंच लांब निघत. पुढील दहा वर्षांत कित्येक लहान कॅमेऱ्यांवर ‘पॅनोरामा’ असा एक खटका दिसूं लागला. तो खटका सरकविला म्हणजे चौकटीच्या वर व खालीं एकेक काळी पट्टी पुढें येते. फिल्मची मूळ चौकट २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असते; पट्ट्या पुढें आल्यावर उंची सुमारें १३ मिलिमीटर उरते, रुंदी मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे डावीउजवीकडचें दृश्य तिळमात्र वाढत नाहीं. उलट फिल्मचा शेंकडा ४६ भाग वायां जातो, आणि उरलेला पट्टा ताणून दहा इंची केला जातो. १९९६ मध्यें निघालेल्या एपीएस पद्धतींत तर फिल्मवर चित्र पुरें उमटे, आणि छापतांना तेवढें कापलें जाई. जें सामान्य चित्र घरीं कात्रीनें कापतां आलें असतें, त्यासाठीं निराळ्या कॅमेऱ्याचे व लांब प्रतीचे निराळे पैसे मोजले जात. म्हणून तुमच्या कॅमेऱ्यावर असा खटका असेल तर तो बंद ठेवा. खरा पॅनोरामा दृश्य कापून होत नाहीं, दृश्य जोडून होतो.

जोडण्याचा लाभ किती, तो आंकड्यांनीं पाहूं. पांच चौकटी घेतल्या आणि प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीवर एक तृतीयांश चढविली, तर फिल्मची एकंदर उपयोगी लांबी १३२ मिलिमीटर होते. एक्सपॅनची चौकट ६५ मिलिमीटर लांब असते. म्हणजे कपाटांतला साधा कॅमेरा त्याच्या दुपटीहून अधिक लांब फिल्म वापरूं शकतो. भिंगाच्या गुणांत तो मागें पडेल. विस्तारांत पडणार नाहीं.

किती चौकटी घ्याव्या लागतात? याचें उत्तर भिंगाच्या नाभ्यंतरावर अवलंबून असतें. हा आंकडा भिंगाच्या कडेवर मिलिमीटरांत लिहिलेला असतो, आणि स्वस्त कॅमेऱ्यांवर तो बहुधा २८ ते ३८ यांच्या दरम्यान असतो. ३५ मिलिमीटरचें भिंग आडव्या कॅमेऱ्यांत सुमारें ५४ अंशांचें दृश्य घेतें. एक तृतीयांश भाग मागच्या चौकटीशीं समाईक ठेवला, तर प्रत्येक वेळीं कॅमेरा ३६ अंश फिरवावयाचा. पुरें वर्तुळ ३६० अंशांचें, म्हणजे दहा चौकटींत तें पूर्ण होतें. राजगडावरील आपलें अर्धवर्तुळ पांच चौकटींत मावून वर थोडी जागा उरते. कॅमेरा उभा धरला तर एका चौकटींत ३८ अंशच येतात. मग अर्धवर्तुळास सात व पूर्ण वर्तुळास पंधरा चौकटी लागतात. खर्च वाढतो, पण चित्राला उंची येते, आणि सांधे चांगले जुळतात. ते कां, हें पुढें येईलच. ३६ चित्रांच्या एका रोलमध्यें तीन आडवीं पूर्ण वर्तुळें बसतात, आणि सहा चित्रें घरच्या मंडळींसाठीं उरतात.

अंश मोजण्यास कोणतेंही उपकरण नको. झरोक्यांतून पाहतांना उजव्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर एखादी खूण हेरून ठेवावी. झाड, खांब, शिखर, कांहींही चालेल. चित्र घेतल्यावर ती खूण डाव्या कडेशीं येईपर्यंत कॅमेरा उजवीकडे वळवावा. पुन्हां नवी खूण हेरावी. डावीकडून उजवीकडे जाण्याची शिस्त ठेवली म्हणजे धुऊन आलेल्या फिल्मवर चित्रें वाचनाच्या क्रमानें लागलेलीं सांपडतात. आरंभीं आपल्या पंजाचें एक चित्र घेऊन ठेवावें; म्हणजे रोलमध्यें मालिका कोठें सुरू झाली, तें शोधीत बसावें लागत नाहीं.

आतां या विद्येंतील मुख्य मर्माकडे वळूं. डोळ्यांसमोर एक बोट धरा, एक डोळा मिटा, आणि मान डावीउजवीकडे हलवा. बोट दूरच्या भिंतीवरून सरकतांना दिसेल. कॅमेऱ्याचें भिंग जागचें हललें कीं जवळच्या वस्तु दूरच्या वस्तूंवरून अशाच सरकतात, आणि मग दोन चौकटी एकमेकींशीं जुळत नाहींत. म्हणून नियम असा कीं, कॅमेरा फिरावा, पण भिंग जागा सोडूं नये.

आपण सहजगत्या करतों तें नेमकें याच्या उलट असतें. कॅमेरा डोळ्याला लावून आपण कमरेंतून वळतों. शरीराचा आंस पाठीच्या कण्यांत असतो आणि भिंग त्याच्या पुढें साधारण २० सेंटिमीटर असतें. ३६ अंश वळलें कीं भिंग सुमारें १२ सेंटिमीटर सरकतें. याचा परिणाम सहा इंची प्रतीवर किती होतो? समोरची वस्तु १ मीटरवर असेल तर दूरच्या देखाव्याच्या मानानें ती जवळजवळ १८ मिलिमीटर सरकलेली दिसेल. १० मीटरवर असेल तर पावणेदोन मिलिमीटर. १०० मीटरवर असेल तर केसाच्या जाडीइतकें अंतर पडेल आणि कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. यावरून दोन गोष्टी निघतात. दूरच्या डोंगरांचा देखावा हातांत कॅमेरा धरून खुशाल घ्यावा. परंतु वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप, बाजारांतली गल्ली अशा ठिकाणीं, जेथें खांब आणि कठडे हाताच्या अंतरावर असतात, तेथें भिंग स्थिर ठेवलेंच पाहिजे.

त्याची युक्ति घरगुती आहे. भिंगाच्या बरोबर खालीं, कॅमेऱ्याच्या तळाला चिकटपट्टीनें एक दोरा लावावा आणि त्याच्या टोंकाला किल्ली बांधावी. जमिनीवर एक नाणें ठेवावें. दोऱ्याची लांबी अशी घ्यावी कीं, कॅमेरा डोळ्याशीं असतां किल्ली नाण्यावर जेमतेम लोंबेल. आतां प्रत्येक चित्राच्या वेळीं किल्ली नाण्यावर आणावयाची, आणि कॅमेऱ्याभोंवतीं आपण पावलें टाकीत फिरावयाचें. देवाभोंवतीं प्रदक्षिणा घालावी तशी ही प्रदक्षिणा आहे. मध्यें देवाच्या जागीं भिंग. यानें भिंगाची जागाही सुटत नाहीं आणि त्याची उंचीही सारखी राहते. गवंडी ज्या ओळंब्यानें भिंत सरळ ठेवतो, त्याच ओळंब्यानें येथें चित्र सरळ राहतें.

दुसरा नियम क्षितिजाचा. कॅमेरा वर किंवा खालीं कलता धरूं नये. क्षितिज प्रत्येक चौकटीच्या बरोबर मध्यावर ठेवावें. कॅमेरा वर कलता धरून फिरविला तर प्रत्येक प्रत शेजारच्या प्रतीशीं जुळविण्यासाठीं थोडी तिरकी ठेवावी लागते, आणि सगळ्या मिळून पंख्याच्या पात्यांसारख्या वळत जातात. समुद्राची सरळ रेषा अशा चित्रांत कमान होऊन बसते. उंच कड्याचें डोकें कापलें जात असेल तर कॅमेरा कलता न करतां उभा धरावा. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा घेतांना हा मोह फार होतो. दृष्टि एकदां दरीच्या तळाकडे ओढली जाते, एकदां आकाशाकडे. आणि हात दृष्टीच्या मागोमाग जातो. तेथें क्षितिजाला धरून राहणें हेंच कौशल्य. आणि कड्याच्या टोंकाशीं पावलें टाकीत फिरण्याचा प्रसंग आणूं नये. चार पावलें मागें सरून नाणें ठेवावें.

तिसरी बाब प्रकाशाची. साध्या कॅमेऱ्याचा साधेपणा उपयोगीं पडतो असें वर म्हटलें, तें येथें. महाग कॅमेरा प्रत्येक चित्राच्या वेळीं प्रकाश मोजतो आणि त्याप्रमाणें छिद्र व वेग बदलतो. एका चौकटींत आकाश अधिक आलें कीं तो चित्र गडद करतो; पुढच्या चौकटींत काळा कडा आला कीं उजळ करतो. एकाच आकाशाचे मग पांच निरनिराळे रंग होतात. ज्या कॅमेऱ्याचें छिद्र एक, वेग एक आणि अंतरही कायमचें ठरलेलें, तो मात्र पांचही वेळां सारखाच वागतो. त्याला हुशारी नाहीं, म्हणून चंचलताही नाहीं. स्पष्टतेच्या दृष्टीनेंही या कामांत कांहीं अडत नाहीं. ३५ मिलिमीटरचें भिंग आणि आठाचें छिद्र असेल, तर पांच मीटरच्या आसपास कायम केलेलें अंतर सुमारें अडीच मीटरपासून थेट अनंतापर्यंत पुरेशी स्पष्टता देतें.

अशा कॅमेऱ्यासाठीं दिवस उजेडाचा हवा, फिल्म १०० किंवा २०० वेगाची पुरे. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश सोसत नाहीं. तेव्हां सावलीच्या जागीं ४०० वेगाची घ्यावी. फ्लॅश आपोआप पेटत असेल तर त्यावर काळा कागद चिकटवावा. सकाळीं लवकर किंवा संध्याकाळीं पूर्ण वर्तुळ घेऊं नये, कारण एका चौकटींत सूर्य थेट भिंगांत येतो. सूर्य डोक्यावर असतांना किंवा पातळ ढगाआड असतांना चारी बाजूंचा उजेड बराच सारखा असतो. आणि एकदां सुरुवात केली म्हणजे थांबूं नये. पाहिल्या चौकटींत ऊन व तिसऱ्या चौकटींत ढगाची सावली असें झालें, तर तो सांधा कोणत्याही उपायानें झांकतां येत नाहीं.

कॅमेऱ्यानें जी समता राखली, ती छापणाऱ्याकडे बिघडण्याचा संभव असतो. दुकानांतील छपाईचें यंत्र प्रत्येक निगेटिव्ह निराळी तपासून तिचा उजेड आपल्या मतानें ठरवितें. म्हणून रोल देतांना स्पष्ट सांगावें, कीं मधल्या चित्रावरून एकदां प्रमाण ठरवा आणि सर्व मालिका त्याच एका प्रमाणानें छापा किंवा स्कॅन करा. ही सूचना लिहून पाकिटाला जोडावी. तोंडी सांगितलेली सूचना काउंटरवरच राहते. आज फिल्म धुणारीं दुकानें मोठ्या शहरांतच उरलीं आहेत आणि फिल्मही पूर्वीइतकी स्वस्त राहिलेली नाहीं. म्हणून ही काळजी अधिकच जरूर आहे.

आतां प्रती जोडण्याचें काम. येथें एक प्रश्न सहज उत्पन्न होतो. सर्व नियम पाळले तरी दोन प्रती एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत कां जुळत नाहींत? कारण असें कीं, दृश्य आपल्या भोंवतीं गोल असतें आणि फिल्म सपाट असते. गोल वस्तूचें सपाट चित्र करतांना कडा ताणल्या जातात. ३५ मिलिमीटरच्या भिंगांत चौकटीच्या अगदीं कडेची वस्तु मध्यापेक्षां रुंदीला शेंकडा २६ नें ताणलेली असते. परंतु दोन्ही प्रतींचा समाईक भाग मधोमध कापला, तर सांध्यापाशीं हा ताण शेंकडा ११ च उरतो. आणि उभ्या चौकटी घेतल्या असतील तर शेंकडा ५. उभ्या चौकटींचे सांधे चांगले जुळतात, त्याचें कारण हेंच. स्वस्त भिंगाचे आणखी दोन दोष याच कापण्यानें निघून जातात. कोपऱ्यांत येणारी काळवंडलेली छटा, आणि कडेचा अस्पष्टपणा. एक तृतीयांश फिल्म समाईक ठेवणें ही उधळपट्टी नव्हे. भिंगाचा चांगला तेवढा मध्यभाग वापरावयाचा आणि वाईट कडा टाकून द्यावयाच्या, अशी ती योजना आहे.

सर्व प्रती आधीं टेबलावर क्रमानें मांडाव्या. कापण्याची रेघ मोकळ्या आकाशांतून किंवा शांत पाण्यांतून शक्य तों नेऊं नये. तेथें किंचितही फरक उठून दिसतो. झाडाचें खोड, इमारतीची कड, विजेचा खांब यांच्या बाजूनें ती न्यावी. धारदार पातें व पोलादी पट्टी वापरावी. वरच्या प्रतीची कापलेली कड मागच्या बाजूनें बारीक पॉलिश-कागदानें हलकेच घांसली, तर तिची जाडी नाहींशी होते आणि सांध्याची सांवली पडत नाहीं. मग सर्व पट्टा जाड पुठ्ठ्यावर मध्यापासून दोन्हीं बाजूंस चिकटवीत जावा.

ज्यांच्यापाशीं संगणक आहे, त्यांनीं निगेटिव्ह स्कॅन करून तेथें जोडकाम करावें. जर्मनींतील प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनीं १९९८ सालीं या कामासाठीं ‘पॅनोरामा टूल्स’ नांवाचे प्रोग्राम लिहिले. त्यांच्याच पायावर उभा असलेला ‘हगिन’ हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. प्रत्येक चौकट जणूं एका नळकांड्याच्या आंतल्या बाजूस चिकटवावी, आणि मग तें नळकांडें उलगडावें, असें तो करतो. सांधे त्यामुळें दिसेनासे होतात. त्याचें मोल मात्र दुसरीकडे द्यावें लागतें. समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता धनुष्यासारखा वांकतो. पृथ्वीचा गोल सपाट नकाशावर मांडतांना जी अडचण नकाशाकारांस आली, तीच ही. कोठें तरी कांहीं तरी वांकणारच. काय वांकूं द्यावयाचें, एवढेंच आपल्या हातीं असतें.

सांधे लपविलेच पाहिजेत असेंही नाहीं. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यानें १९८२ पासून छायाचित्रांच्या सुट्या प्रती शेजारशेजार मांडून मोठीं चित्रें केलीं. १९८६ च्या ‘पेअरब्लॉसम हायवे’ या त्याच्या प्रसिद्ध कृतींत एका साध्या वाळवंटी रस्त्याच्या शेंकडों प्रती आहेत, आणि त्या एका जागेवरून घेतलेल्याच नाहींत. प्रत्येक वस्तूपाशीं जाऊन ती निराळी पाहिली आहे. म्हणून चित्र काटेकोर जुळत नाहीं, पण रस्त्यानें चालत गेल्याची जाणीव देतें. भिंग जागचें हलवूं नये हा नियम कशासाठीं, हें ज्याला कळलें, त्यालाच तो नियम मोडून काय साधतें तें कळतें.

येथें कोणी विचारील कीं, आज खिशांतल्या फोननें हात फिरविला कीं पॅनोरामा तयार होतो, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. केवळ सोय पाहिजे असेल तर फोनच बरा. पण त्यांतलें जोडकाम यंत्रानें परस्पर केलेलें असतें. वाटेंत कोणी चालत असेल तर त्याला अर्धा करून किंवा ताणून यंत्र मोकळें होतें, आणि मूळ तुकडे बहुधा मागें राहत नाहींत. फिल्मच्या मालिकेंत प्रत्येक तुकडा स्वतंत्र, संपूर्ण आणि साक्षीदार म्हणून शिल्लक राहतो. आज वाईट जोडला तरी वीस वर्षांनीं कोणी तो अधिक चांगला जोडूं शकतो. शिवाय दहा चौकटी घ्यावयाच्या, त्या मोजून आणि पैसे देऊन घ्यावयाच्या, म्हटलें म्हणजे मनुष्य आधीं उभा राहून पाहतो. कोठें आरंभ करावा, कोठें संपवावें, उजेड केव्हां बरा, याचा विचार करतो. ही पाहण्याची सवय चित्राइतकीच मोलाची आहे.

शेवटीं, काय टिपावें याविषयीं. डोंगर तर घ्याच. ते सुंदर आहेत, आणि चित्राखालीं प्रत्येक शिखराचें नांव लिहिलें तर मुलांना भूगोलाचा एक धडा मिळतो. पण डोंगर उद्यांही असतील. आपल्या गांवचा बाजारचौक, पाडावयास निघालेला वाडा, रस्ता रुंद होण्यापूर्वींची वडाच्या झाडांची रांग, जेथें नवी वसाहत व्हावयाची तें शेत, हीं सारीं उद्यां असतीलच असें नाहीं. सुटें छायाचित्र एखादी भिंत दाखवितें; सलग चित्र ती भिंत कोणाच्या शेजारीं होती, समोर कोणतें दुकान होतें, विहीर कोणत्या बाजूस होती, हें दाखवितें. गांव म्हणजे नुसतीं घरें नव्हेत, घरांचें शेजारपण होय. आणि शेजारपण एका चौकटींत मावत नाहीं.

म्हणून चित्र तयार झालें म्हणजे त्याच्या पाठीमागें ठिकाण, दिशा, तारीख आणि वेळ मऊ पेन्सिलीनें लिहून ठेवा, आणि निगेटिव्ह कोरड्या जागीं जपून ठेवा. मायब्रिजनें सॅन फ्रान्सिस्को टिपलें तेव्हां अठ्ठावीस वर्षांनीं तें शहर जळणार आहे, हें त्याला ठाऊक नव्हतें. आपल्यालाही पुढचें ठाऊक नाहीं. नाणें जमिनीवर ठेवावें, दोरा सोडावा, आणि आज जें आहे तें डावीकडून उजवीकडे नीट पाहून घ्यावें.